‘फेअर’ : गोरा, रास्त की बरा?

गोंदिया जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी आणि मळणी आटोपली, की आधारभूत खरेदी केंद्रांवर एक इंग्रजी लघुरूप सतत कानी पडू लागते : एफएक्यू. धान एफएक्यू असेल तर त्याचा काटा होतो. नसेल तर ते पुन्हा वाळवा, पुन्हा चाळा, नाही तर घरी परत न्या, असे शेतकऱ्याला ऐकावे लागते. संगणकासमोर बसणाऱ्या शहरी वाचकाला एफएक्यू म्हणजे ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ एवढेच ठाऊक असते. धानाच्या ढिगापाशी मात्र त्याचा विस्तार ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’ असा आहे. या तीन शब्दांपैकी ‘ॲव्हरेज’ आणि ‘क्वालिटी’ यांचा उलगडा सहज होतो. अडते ते ‘फेअर’पाशी.

‘फेअर’ म्हणजे गोरा, हे आपण शाळेत शिकलो. ‘फेअर’ म्हणजे न्याय्य, हे वर्तमानपत्रांतून कळले. पण धान गोरे कसे असेल आणि न्यायी तरी कसे असेल? इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला चकवणाऱ्या छोट्या विशेषणांत या शब्दाचा क्रमांक फार वरचा लागावा. त्यातून तो नुसता पुस्तकात राहिलेला नाही. शिधावाटप दुकानाच्या पाटीवर, भूसंपादनाच्या कायद्यात, लग्नाच्या जाहिरातीत आणि मुलांच्या प्रगतिपुस्तकात तो आपल्याला भेटतो आणि दर ठिकाणी वेगळ्या अर्थाने भेटतो. एका ठिकाणचा अर्थ दुसऱ्या ठिकाणी लावला, तर नुसती भाषेची चूक होत नाही, कधी कधी पदरचे नुकसानही होते.

दर्जा ‘बरा’

कोकणात किंवा मावळात ज्याला भात म्हणतात, त्याला पूर्व विदर्भात धान म्हणतात. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा या धानावर उभा आहे. गोंदिया शहराची ओळखही भात गिरण्यांचे शहर अशीच आहे. सरकारी हमीभावाने होणारी खरेदी येथे मार्केटिंग फेडरेशनमार्फत आणि आदिवासीबहुल भागात आदिवासी विकास महामंडळामार्फत होते. खरेदी केलेले धान गिरणीत भरडाईला जाते आणि एका क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत यावा, असा केंद्राचा दंडक आहे. हा तांदूळ पुढे शिधावाटपात जातो. तेव्हा घेतले जाणारे धान किमान कसे असावे, हे ठरवणे भाग पडते, आणि ते ठरवण्यासाठीच ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’ हा शब्दप्रयोग वापरात आहे.

येथे ‘फेअर’चा अर्थ ‘उत्तम’ नाही. तो ‘बऱ्यापैकी’, ‘चालण्याजोगा’, ‘स्वीकारता येईल असा’ इतकाच आहे. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘बरा’. ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘बरा आहे’ असे उत्तर देणारा माणूस काही मोठा आनंद व्यक्त करीत नसतो. तक्रार करण्यासारखे काही नाही, एवढेच तो सांगतो. एफएक्यू धान म्हणजे असे तक्रारीला जागा नसलेले, बरे धान.

हा फरक कागदावर नेमका आकड्यांत मांडलेला आहे. केंद्र सरकार दर खरीप हंगामासाठी धानाचे निकष जाहीर करते. गेली अनेक वर्षे ते साधारणपणे असे आहेत : ओलावा १७ टक्क्यांपर्यंत, माती-खडे यांसारखा अजैविक कचरा १ टक्क्यापर्यंत, काडीकचऱ्यासारखा सेंद्रिय कचरा १ टक्क्यापर्यंत, खराब झालेले, रंग बदललेले, कोंब आलेले व किडके दाणे ५ टक्क्यांपर्यंत, न भरलेले व आक्रसलेले दाणे ३ टक्क्यांपर्यंत आणि हलक्या वर्गाच्या धानाची मिसळ ६ टक्क्यांपर्यंत. म्हणजे शंभर दाण्यांत पाच दाणे डागी असले, तरी ते धान ‘फेअर’च ठरते. शेतकऱ्याच्या दृष्टीने या विशेषणाची खरी किंमत येथे आहे. ‘फेअर’ म्हणजे ‘चांगले, स्वच्छ, निर्दोष’ असा अर्थ कोणी लावला, तर थोडा रंग उतरलेले धान पाहताच ‘हे एफएक्यू नाही’ असे म्हणायला तो मोकळा होतो. ‘फेअर’ म्हणजे ‘ठरवून दिलेल्या मर्यादेत दोष असलेले, तरीही घेण्याजोगे’ हा अर्थ ज्याला ठाऊक आहे, तो ओलावा मोजायचे यंत्र आणि चाळणी पुढे आणा, असे म्हणू शकतो. अवकाळी पावसाने कडपा भिजलेल्या वर्षी हा फरक फार मोठा असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘फेअर’ला चवीशी किंवा सुवासाशी देणेघेणे नाही. हमीभाव धानाच्या दोनच वर्गांना मिळतो, ‘कॉमन’ आणि ‘ए ग्रेड’, आणि ते दाण्याच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून ठरतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी हे भाव क्विंटलला अनुक्रमे २३६९ आणि २३८९ रुपये जाहीर झाले; अंतर अवघे वीस रुपयांचे. पूर्व विदर्भातील सुवासिक चिन्नोर खरेदी केंद्रावर नेला, तर त्याच्या वासाला तेथे वेगळा भाव नाही. बऱ्याच्या पलीकडचे जे काही असेल, ते खुल्या बाजारात पाहायचे.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात हाच अर्थ येतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मुलाच्या कामगिरीपुढे ‘एक्सलंट’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’, ‘फेअर’, ‘पूअर’ अशी चढउतरण असते. ‘फेअर’ हा शेरा पाहून खूश होणारे पालक कमी नाहीत. या उतरंडीत तो ‘गुड’च्या खाली आणि ‘पूअर’च्या लगेच वर आहे, म्हणजे मूल पास आहे, पण लक्ष द्यायला हवे. जुन्या पुस्तकांची विक्री करणारे दुकानदारही पुस्तकाची अवस्था ‘फेअर’ लिहितात. तेव्हा पुस्तक वाचता येईल एवढेच ते सांगत असतात. बांधणी सैल, पाने पिवळी, कोपरे दुमडलेले असू शकतात. घरभाड्याच्या करारनाम्यातील ‘फेअर वेअर अँड टेअर’ याच जातीचे. राहत्या घराची नेहमीच्या वापराने होणारी झीज, असा त्याचा अर्थ. ती भाडेकरूच्या अनामत रकमेतून वसूल करता येऊ नये, यासाठी हे शब्द घातलेले असतात.

मूळ अर्थ सुंदर

आता हा शब्द इतक्या वाटांनी गेला कसा? जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘फॅगर’च्या जवळचे होते आणि अर्थ होता सुंदर, देखणा. सुंदर म्हणजे डाग नसलेले. त्यावरून स्वच्छ, निरभ्र, सुवाच्य. डाग नसलेले वर्तन म्हणजे निःपक्ष, न्याय्य वर्तन. गोऱ्या कातडीचा आणि सोनेरी केसांचा हा अर्थ नंतर रूढ झाला. गोरेपणालाच सौंदर्य मानणाऱ्या समाजात तो तसा रूढ व्हावा, यात नवल नाही. आणि सतत वापरून कौतुकाची धार बोथट होत होत शेवटी ‘बरा’ हा अर्थ आला. आपल्याकडेही असेच घडले आहे. संतांच्या भाषेतला ‘बरवा’ म्हणजे सुंदर, उत्तम. आजचा ‘बरा’ म्हणजे ठीक. म्हणून ‘फेअर’ला मराठी माणसाने परके मानण्याचे कारण नाही.

‘सुंदर’ हा मूळ अर्थ आज केवळ जुन्या काव्यात आणि काही ठरीव प्रयोगांत उरला आहे. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकावरून १९५६ मध्ये अमेरिकेत ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका आली; त्याच नाटकावर पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ रचले, ते १९७५ मध्ये रंगभूमीवर आले. त्या ‘फेअर’मध्ये गोरेपणा शोधण्याची गरज नाही. भाषेच्या शिकवणीवरच्या नाटकाला इतके निसरडे विशेषण लाभावे, हा योगायोग मात्र गमतीचा आहे.

इतक्या अर्थांतून नेमका अर्थ ओळखायचा कसा, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो. अर्थांची यादी पाठ करण्याऐवजी एक साधी युक्ती करावी : वाक्यात ‘फेअर’च्या जागी त्याचा विरुद्धार्थी शब्द कोणता बसेल, ते पाहावे. ‘फेअर’चा विरोधी शब्द प्रत्येक अर्थागणिक बदलतो. वर्णाच्या बाबतीत ‘डार्क’, वहीच्या बाबतीत ‘रफ’, हवामानाच्या आणि खेळाच्या बाबतीत ‘फाउल’, किमतीच्या आणि वागणुकीच्या बाबतीत ‘अनफेअर’, शेऱ्याच्या बाबतीत खाली ‘पूअर’ आणि वर ‘गुड’. एफएक्यूमधील ‘फेअर’समोर ‘अनफेअर’ ठेवून पाहा, वाक्य निरर्थक होते. ‘पूअर’ ठेवा, लगेच उलगडते.

‘फाउल’ आपल्याला कबड्डी-खोखोच्या मैदानावरून चांगलाच परिचित आहे. ‘फेअर प्ले’ म्हणजे नियमाला धरून, खिलाडूपणाने खेळणे. ‘फाउल प्ले’चा मैदानाबाहेर मात्र भलताच अर्थ होतो. पोलिसांच्या निवेदनात ‘फाउल प्ले इज सस्पेक्टेड’ असे असले, तर ‘घातपाताचा संशय’ असे भाषांतर करावे लागते. नव्याने बातमीदारीत आलेल्यांना ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

रास्त, वाजवी, उचित

शिधावाटपाच्या दुकानाचे इंग्रजी नाव ‘फेअर प्राइस शॉप’. महाराष्ट्रात त्याचे ‘रास्त भाव दुकान’ झाले आणि ते इतके रुजले, की ‘रास्त’ हा शब्द आज दुकानाच्या पाटीबाहेर क्वचितच ऐकू येतो. फारसीत ‘रास्त’ म्हणजे सरळ, खरे. दादाभाई नवरोजी यांनी १८५१ मध्ये सुरू केलेल्या ‘रास्त गोफ्तार’ या पत्राच्या नावातला ‘रास्त’ हाच. खरे बोलणारा, असा त्या नावाचा अर्थ. गोंदियाहून बालाघाटकडे निघाले, की राज्याची सीमा ओलांडताच पाटी बदलते. मध्य प्रदेशात आणि तिकडे छत्तीसगडमध्येही ‘शासकीय उचित मूल्य दुकान’ असे लिहिलेले असते. दुकान तेच, तांदूळ तोच, इंग्रजी ‘फेअर’ही तोच, मराठीने त्याला फारसीतून आलेला शब्द दिला, तर हिंदीने संस्कृत. सालेकसा-देवरी भागातील, दोन्ही बाजूंना सोयरीक असलेल्या कुटुंबांना दोन्ही पाट्या पाठ असतात.

भाव रास्त, म्हणजे नेमका किती? राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला, तेव्हा तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो असा दर होता. १ जानेवारी २०२३ पासून या कायद्याखालील लाभार्थ्यांना हे धान्य मोफत मिळू लागले. भाव शून्यावर आला, पाटीवरचा ‘रास्त भाव’ मात्र तसाच आहे. विशेषणे किमतीपेक्षा जास्त टिकतात.

कायद्याच्या भाषेत ‘फेअर’ पुन्हा वेश बदलतो. २०१३ मध्येच संमत झालेल्या आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याच्या इंग्रजी नावाची सुरुवातच ‘राइट टू फेअर कॉम्पेन्सेशन’ अशी आहे. मराठीत तेथे ‘वाजवी भरपाई’ आली. ‘वाजवी’ हा अरबी ‘वाजिब’वरून आलेला शब्द. ज्याची जमीन रस्त्यात किंवा धरणात जाते, त्याला ‘बरी’ भरपाई नको असते, न्याय्य भरपाई हवी असते. या ठिकाणी ‘फेअर’चा विरोधी शब्द ‘अनफेअर’ आहे. मोबदला दोष सोसून घेण्याजोगा, असा अर्थ येथे कोणी लावू म्हटले तरी लावता येणार नाही.

याच संदर्भात एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. उसाच्या किमतीसाठी पूर्वी ‘स्टॅट्युटरी मिनिमम प्राइस’ अशी संज्ञा होती. २००९ मध्ये तिच्या जागी ‘फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस’ आली. तिलाच आपण ‘रास्त आणि किफायतशीर दर’ किंवा नुसतेच एफआरपी म्हणतो. धानाच्या किमतीला मात्र ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’ हेच नाव राहिले. म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या उसाचा दर ‘फेअर’, आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाचा दर ‘मिनिमम’. धानाच्या वाट्याला ‘फेअर’ आले ते दरात नव्हे, दर्जाच्या अटीत. नावावरून कोणाच्या हाती किती पैसे पडतात हे ठरत नाही, हे खरे. पण एकच विशेषण एका पिकाला हक्काच्या बाजूने आणि दुसऱ्याला अटीच्या बाजूने चिकटावे, ही बाब शब्दांच्या अभ्यासकाने सोडून देण्यासारखी नाही.

न्यायालयाच्या भाषेत ‘फेअर ट्रायल’ म्हणजे निःपक्ष सुनावणी, निवडणुकीच्या संदर्भात ‘फ्री अँड फेअर’ म्हणजे मुक्त आणि निःपक्ष. मनेका गांधी खटल्याच्या १९७८ मधील निकालानंतर ‘जस्ट, फेअर अँड रीझनेबल’ हे त्रिकूट कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले : माणसाचे स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती या तिन्ही कसोट्यांना उतरली पाहिजे. ‘न्याय्य, रास्त आणि वाजवी’ असे त्याचे मराठी करता येते. हे तिन्ही मराठी शब्द एरवी एकट्या ‘फेअर’साठी वापरले जातात, म्हणून भाषांतरकाराला त्यांची वाटणी जपून करावी लागते. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यात ‘फेअर डीलिंग’ आहे. अमेरिकेत ‘फेअर यूज’. अभ्यासासाठी, समीक्षेसाठी दुसऱ्याच्या लेखनाचा मर्यादित, रीतसर वापर असा दोन्हींचा गाभा असला, तरी भारतीय कायद्याबद्दल लिहिताना ‘फेअर यूज’ म्हणणे बरोबर नाही.

गोरेपणाचा शिक्का

भारतीय इंग्रजीत ‘शी इज व्हेरी फेअर’ म्हटले, की ‘ती खूप गोरी आहे’ असाच अर्थ घेतला जातो. इंग्लंडमध्ये ‘ही इज फेअर’ ऐकणारा, संदर्भानुसार, तो माणूस न्यायाने वागतो किंवा त्याचे केस फिकट सोनेरी आहेत, असेही समजू शकतो. म्हणून परदेशी व्यक्तीशी बोलताना वर्ण सांगायचाच असेल, तर ‘फेअर-स्किन्ड’ म्हणावे, केसांसाठी ‘फेअर-हेअर्ड’ आणि स्वभावासाठी ‘फेअर-माइंडेड’. मुळात वर्ण सांगण्याची गरज आहे का, हे आधी पाहावे. ‘द फेअर सेक्स’ हा स्त्रियांसाठीचा जुना प्रयोग आज जुनाट आणि खटकणारा मानला जातो. निबंधात वापरू नये.

मराठी वधूवर जाहिरातींनी या एका शब्दाचे किती पदर पाडले आहेत! गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी, आणि वर्णाबद्दल बोलणेच टाळायचे असेल तर ‘नाकीडोळी नीटस’. इंग्रजी जाहिरातींत यांचे ‘फेअर’, ‘व्हेरी फेअर’, ‘व्हीटिश’ होते. ज्या जिल्ह्याचे सारे जगणे तांदळावर चालते, तेथेही मुलीचा रंग सांगताना दाखला गव्हाचा द्यावा लागतो, ही गंमतच म्हणायची. या शिक्क्याचा काच मुलींना किती होतो, हे वेगळे सांगायला नको. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव जून २०२० मध्ये झालेल्या घोषणेनुसार ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. त्याच महिन्यात शादी डॉट कॉम या विवाहविषयक संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. ‘फेअरनेस’ या नामाचे दोन अर्थ, गोरेपणा आणि न्याय्यता, त्या वर्षी एकमेकांसमोर उभे ठाकले आणि वेष्टनावरचा पहिला अर्थ मागे हटला.

रस्ता, वही आणि कार्यालय

‘फेअर वेदर’ म्हणजे उघडीप असलेले, कोरडे हवामान. रस्त्यांच्या सरकारी भाषेत ‘ऑल-वेदर रोड’ म्हणजे बारमाही रस्ता आणि ‘फेअर-वेदर रोड’ म्हणजे फक्त कोरड्या दिवसांत चालणारा रस्ता. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत हा भेद स्पष्ट केलेला आहे : ओढ्या-नाल्यांवर पूल-मोऱ्या नसल्याने पावसाळ्यात बंद पडणारे ते ‘फेअर-वेदर’. ‘फेअर’ शब्द पाहून हा चांगला रस्ता असावा, असे समजणाऱ्याची फसगत ठरलेली. ‘फेअर-वेदर फ्रेंड’ म्हणजे असाच मित्र, उघडीप आहे तोवर सोबत चालणारा. तुकोबांच्या महाराष्ट्राला सुखाच्या सोयऱ्यांची ओळख नव्याने करून द्यायला नको.

‘फेअर कॉपी’ मात्र निरुपद्रवी आहे. कच्च्या मसुद्यावरून काढलेली स्वच्छ, सुवाच्य प्रत म्हणजे ‘फेअर कॉपी’. शाळेत रफ वही आणि फेअर वही अशी जोडी असते आणि सरकारी कार्यालयांत ‘हे पत्र फेअर करून आणा’ असे आजही सांगतात. ‘फेअर करणे’ हे क्रियापद आता मराठीच झाले आहे. इंग्रजीत मात्र ते तसे चालत नाही. तेथे ‘मेक अ फेअर कॉपी’ असेच म्हणावे लागते.

काही ठरीव प्रयोग लक्षात ठेवावेत. ‘फेअर इनफ’ म्हणजे ‘ठीक आहे, तुमचे म्हणणे पटले’. ही स्तुती नव्हे, की ‘पुरेसा गोरा’ही नव्हे. ‘टू बी फेअर’ म्हणजे ‘अन्याय नको म्हणून सांगतो’; एखाद्यावर टीका करताना त्याची बाजूही मांडायची असली, की हे शब्द येतात. ‘फेअर शेअर’ म्हणजे न्याय्य वाटा. पण ‘ही हॅज हॅड हिज फेअर शेअर ऑफ ट्रबल’ म्हणजे त्याने पुष्कळ सोसले आहे. ‘फेअर चान्स’ तर दोन्ही बाजूंनी चालतो. ‘गिव्ह हर अ फेअर चान्स’ म्हणजे तिला योग्य संधी द्या. ‘देअर इज अ फेअर चान्स ऑफ रेन’ म्हणजे पावसाची बऱ्यापैकी शक्यता आहे. अगदी थोडक्यात, ‘गिव्ह’ असेल तेथे संधी आणि ‘देअर इज’ असेल तेथे शक्यता, असे धरून चालले तर बहुतेक वेळा चुकत नाही. ‘फेअर’नंतर व्यक्ती सांगायची झाल्यास ‘टू’ वापरावे : ‘द टीचर इज फेअर टू एव्हरीवन’. मराठीतल्या ‘सर्वांशी’मुळे ‘विथ’ लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा.

‘फेअरली’ या क्रियाविशेषणाची जागा बदलली, की अर्थ बदलतो. क्रियापदानंतर आले तर ‘न्यायाने’ : ‘दे ट्रीटेड अस फेअरली’, त्यांनी आम्हाला न्यायाने वागवले. विशेषणाच्या आधी आले तर ‘बऱ्यापैकी’ : ‘द रोड इज फेअरली गुड’, रस्ता बऱ्यापैकी चांगला आहे. या दुसऱ्या अर्थी ‘फेअरली’ सहसा अनुकूल विशेषणाबरोबर येते. प्रतिकूल विशेषण असेल तर ‘रादर’ वापरण्याची रीत आहे. ‘फेअरली क्लीन’, पण ‘रादर डर्टी’. ‘फेअरली वॉर्म’ म्हटले तर ऊब सुखाची आहे; ‘रादर वॉर्म’ म्हटले तर उकाडा त्रासाचा आहे. मे महिन्यातल्या विदर्भाबद्दल लिहिताना कोणते घ्यावे, हे सांगायला नको. ‘प्ले फेअर’ हा प्रयोग मात्र शेवटी ‘ली’ न लावताच करतात.

नावापुरते सारखे

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. अक्षरे ओळखण्याआधी मुलांच्या कानावर उच्चार पडू लागले, त्यामुळे सारख्या उच्चाराच्या शब्दांचा घोळ लवकर सुरू होतो. जत्रेला इंग्रजीत ‘फेअर’ म्हणतात. सालेकसा तालुक्यात माघ पौर्णिमेला गोंड समाजाची कचारगडची यात्रा भरते, अर्जुनी मोरगाव तालुक्यात महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा भरते; या दोन्ही ‘फेअर’. लेखन तेच, उच्चार तोच, परंतु हा शब्द निराळा आहे. लॅटिनमध्ये सणाच्या दिवसाला ‘फेरिया’ म्हणत, तेथून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आपल्या विशेषणाशी त्याचे नाते नाही. यात्रेला जाताना एसटीचे जे तिकीट काढतो, त्याचे भाडेही ‘फेअर’. उच्चार सारखा, लेखन वेगळे. हा शब्द मूळ ‘जाणे, प्रवास करणे’ या अर्थाचा. निरोपाचे ‘फेअरवेल’ आणि कल्याणाचे ‘वेल्फेअर’ त्याच्याच कुळातले. देवनागरीत तिन्ही एकसारखे दिसतात, म्हणून मराठी लिपीत इंग्रजी शिकणाऱ्या मुलाने रोमन लेखन शेजारी लिहून ठेवणे सोयीचे. आणि गोष्टीतली परी, म्हणजे ‘फेअरी’, ती कितीही गोरी रंगवलेली असली तरी ‘फेअर’वरून आलेली नाही, ती लॅटिनमधल्या दैवाच्या देवतांच्या नावावरून, फ्रेंचमधून आली.